मस्टँग जीटीला लोअरिंग स्प्रिंग बसवायच्या, शॉक मात्र कंपनीचेच: जमेल का?

कोलशेत_जीटी

नमस्कार मंडळी,

गाडी मस्टँग जीटी, २०१७ चं मॉडेल, ३८ हजार किमी झालेत. शॉक (शॉक ॲब्झॉर्बर) मूळचे आणि साधे, इलेक्ट्रॉनिक नाहीत. चाक आणि फेंडरमधली फट फारच मोठी दिसते, आणि वेगात लेन बदलताना गाडी हवी त्यापेक्षा जास्त कलते. म्हणून प्रोग्रेसिव्ह (दाबत जाल तशी कडक होणारी) लोअरिंग स्प्रिंगचा सेट घ्यायचा विचार आहे. बनवणारे पुढे-मागे २५ मिमी गाडी खाली येईल असं सांगतात. कडकपणा मूळ स्प्रिंगपेक्षा २० ते २५ टक्के जास्त.

वापर रोजचा आहे: कोलशेतहून ऐरोलीमार्गे महापे. सुट्टीच्या दिवशी पाम बीच रोड किंवा अटल सेतू. सोसायटीत पार्किंग दुसऱ्या बेसमेंटला आहे आणि रॅम्प बऱ्यापैकी उभा.

मूळ शॉक या स्प्रिंगवर टिकतील का? बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबताना ज्याला टेकतो ते रबर) कापावे लागतात असं वाचलं, ते खरं का? आणि काम करताना कोणते बोल्ट नवे घ्यावेत, कुठे चुका होतात, तेही सांगा. शॉकसकट पूर्ण किट सध्या घ्यायचं नाहीये.

---

वागळे_०४

तुम्ही दिलेल्या आकड्यांवर शॉक टिकतील, पण "टिकतील का" यापेक्षा "जागा उरेल का" हा प्रश्न मोठा आहे. दोन्ही वेगवेगळे बघू.

आधी डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगचे झोके थांबवण्याची शॉकची ताकद. स्प्रिंगला काबूत ठेवायला लागणारं डॅम्पिंग स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. २५ टक्के कडक स्प्रिंग म्हणजे १.२५ चं वर्गमूळ, १.११८. शॉक तोच ठेवला तर डॅम्पिंगचं गुणोत्तर साडेदहा टक्क्यांच्या आसपास घसरतं. चांगल्या स्थितीतला शॉक एवढं सहज झेलतो. हीच स्प्रिंग ५० टक्के कडक असती तर घसरण १८ टक्क्यांवर गेली असती, आणि मग उड्डाणपुलाच्या सांध्यावरून उतरल्यावर गाडी एका झोक्यात थांबण्याऐवजी दोन-तीन झोके खाते. कमी पडतं ते मुख्यतः रिबाउंडला, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना. कडक स्प्रिंग जास्त जोराने उघडते आणि तिला अडवणारा झडपेचा संच मूळ स्प्रिंगसाठी बेतलेला असतो.

प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगच्या बाबतीत "२५ टक्के" हा एकच आकडा पुरेसा नाही. गाडी ज्या उंचीवर उभी राहते तिथला कडकपणा किती आणि आणखी ४० मिमी दाबल्यावर किती, हे विक्रेत्याला विचारा. काही सेट सुरुवातीला मूळ स्प्रिंगइतकेच मऊ असतात आणि शेवटाकडे एकदम कडक होतात. असे सेट मूळ शॉकवर शहरात बरे वाटतात, पण वेगात लांब उंचवट्यावर हेलकावतात.

आता जागा. समजा सध्या गाडी उभी असताना बंप स्टॉपपर्यंत चाकाला वर जायला ७५ मिमी जागा आहे. (तुमच्या गाडीचा आकडा मोजावा लागेल, हा उदाहरणापुरता.) २५ मिमी खाली आणली की उरते ५० मिमी. स्प्रिंग जी ऊर्जा पचवते ती कडकपणा गुणिले अंतराचा वर्ग या हिशेबाने. अंतर दोन-तृतीयांश झालं की वर्ग ०.४४ होतो. त्याला १.२५ ने गुणलं की ०.५६. म्हणजे स्प्रिंग कडक करूनही बंप स्टॉपला टेकण्याआधी ती पूर्वीच्या जेमतेम ५६ टक्के ऊर्जा पचवणार. बाकीचा मार बंप स्टॉप, माउंटिंग आणि शेवटी शॉकच्या आतला पिस्टन खातो. लोअरिंग स्प्रिंगवर शॉक "उडाले" म्हणतात त्या बहुतेक ठिकाणी झडप दमलेली नसते. शॉक वारंवार तळाला आपटून आतली खालची झडप किंवा सील गेलेलं असतं.

म्हणून स्प्रिंगचे पैसे भरण्याआधी एक मोजणी करा. पुढच्या आणि मागच्या शॉकच्या दांड्यावरचं धुळीचं रबर वर सरकवा, दांड्याला पातळ केबल टाय घट्ट बांधा आणि गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना ती शॉकच्या नळीला टेकवून ठेवा. मग नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या माणसांसह गाडी चालवा. शॉक जेवढा दबेल तेवढी टाय वर सरकते आणि तिथेच राहते. परत आल्यावर दोन मापं घ्या: नळीपासून टायपर्यंत (वापरलेला स्ट्रोक) आणि टायपासून बंप स्टॉपच्या टोकापर्यंत (उरलेली जागा). पुढे स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला भाग) चाक आणि शॉक जवळपास एकास एक हलतात. मागे शॉक चाकापेक्षा कमी हलतो, त्यामुळे तिथलं प्रमाण वेगळं काढावं लागेल: आर्मखाली (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) जॅक लावून चाक २५ मिमी वर घ्या आणि शॉक किती मिमी दबला ते मोजा.

मापं इथे टाका, पुढचं त्यावर ठरवू.

शॉकची तब्येतही आधीच तपासा. नळीवर धूळ चिकटलेला किंचित ओशट थर चालतो. तेल ओघळलेलं दिसलं तर त्या शॉकवर नवीन स्प्रिंग बसवू नका. बोनेट हाताने दाबून गाडी हलवून बघण्याच्या चाचणीला या गाडीत काही अर्थ नाही, स्प्रिंग मुळातच कडक आहेत. शॉक सुटा केल्यावर मात्र नक्की कळतं: दांडा दाबून सोडला की गॅसच्या दाबाने सावकाश आणि एकसारखा बाहेर आला पाहिजे. दिशा बदलताना मध्येच पोकळ लागत असेल तर तो संपलाय.

---

खारघर_अपेक्स

माझं मत थोडं वेगळं. ३८ हजार किमी, त्यातही ठाण्या-नवी मुंबईच्या रस्त्यांवर, म्हणजे शॉकचं निम्मं आयुष्य गेलेलं समजा. स्प्रिंगसाठी स्ट्रट उघडायचाच आहे. वर्षभरात शॉक गेले तर तीच मजुरी, तेच अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि तेच एकदाच वापरायचे बोल्ट पुन्हा लागणार. बजेट जमेपर्यंत थांबून स्प्रिंग आणि तिच्याशी जुळवलेले शॉक एकत्र घेणं शेवटी स्वस्त पडतं.

तरीही आत्ताच करायचं असेल तर २५ मिमीच्या वर जाऊ नका, आणि मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली करून देतो म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये अजिबात जाऊ नका. कापलेल्या स्प्रिंगचं टोक तिच्या बैठकीच्या वाटीत नीट बसत नाही आणि चाक पूर्ण लटकल्यावर ती सैल होते. चांगल्या लोअरिंग स्प्रिंगला वर जवळजवळ चिकटलेले वेढे असतात ते याचसाठी. भार असताना ते मिटलेले राहतात, चाक लटकलं की उघडून स्प्रिंगला वाटीत धरून ठेवतात.

---

टॉर्क_रेंच

वरच्या दोघांनी "घ्यावं की नाही" सांगितलंय. मी कामाचं सांगतो. या गाडीला पुढे स्ट्रट आहे, मागे स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे. त्यामुळे पुढचं काम जोखमीचं आणि मागचं किचकट.

आधी सामान मागवा. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, आणि मस्टँगचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे नाहीत. स्ट्रट आणि नकल (चाकाचं हब धरणारा भाग) जोडणारे बोल्ट-नट, स्ट्रटच्या दांड्यावरचा वरचा नट, मागच्या शॉकचा खालचा बोल्ट, स्टॅबिलायझर (गाडीचं कलणं कमी करणारा बार) लिंकचे नट: वर्कशॉप मॅन्युअलमध्ये जे एकदाच वापरायचे म्हणून दिलेत ते सगळे हातात आल्याशिवाय गाडी उघडू नका. कसताना हे बोल्ट थोडे ताणले जातात. दुसऱ्यांदा तेवढाच टॉर्क दिला तरी पकड तेवढी मिळत नाही. बंप स्टॉप आणि धुळीचं रबर फाटलेलं असेल तर तेही त्याच ऑर्डरमध्ये घ्या. स्प्रिंगखालचं रबर मूळचं वापरता येतं, चिरलेलं नसेल तर.

गाडी उचलण्याआधी चारही कोपऱ्यांवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं माप घेऊन लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने ते बदलतं. पेट्रोल अर्धी टाकी असू द्या आणि नंतरच्या मोजणीलाही तेवढंच ठेवा.

पुढची बाजू. गाडी चार भक्कम घोड्यांवर (स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नाही. चाक काढलं की सर्वात आधी ब्रेकच्या नळीचा कंस आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवा, मग स्टॅबिलायझरची लिंक. लिंकचा बॉल नटासोबत फिरायला लागला तर त्याचा दांडा पान्याने धरून नट सोडा. रबरी बूट पक्कडीत पकडू नका. नकलचे बोल्ट काढण्याआधी नकलला तारेने किंवा पट्ट्याने वर बांधून ठेवा. नाहीतर ते बाहेर झुकतं आणि ब्रेकच्या नळीवर ताण येतो. ही नळी एकदा ताणली गेली की बाहेरून ठीक दिसते, आतून मात्र कमजोर होते. बोल्ट बाहेर काढताना त्यांची जुनी जागा मार्करने आखा. वरच्या माउंटिंगचे नट सर्वात शेवटी, आणि तेव्हा एकाने खालून स्ट्रट धरलेला हवा.

स्प्रिंग कॉम्प्रेसरबद्दल ठासून सांगतो. ही गाडी सुमारे १,७०० किलोची आहे. उभी असताना पुढच्या एका स्प्रिंगवर चारशेएक किलोचा भार असतो. स्ट्रट सुटा असताना दाब कमी असला तरी हाड मोडायला पुरेसा आहे. भिंतीला किंवा टेबलाला पक्का बसवलेला कॉम्प्रेसर असलेलं गॅरेज शोधा. दोन आकड्यांचा हाताने फिरवायचा असेल तर आकडे एकमेकांसमोर, १८० अंशांवर लावा, दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या-थोड्या आवळा आणि इम्पॅक्ट गन बाजूला ठेवा. गनने आवळल्यावर आटे गरम होऊन खातात आणि आकडा सरकतो. स्ट्रटच्या टोकासमोर कुणी उभं राहायचं नाही. स्प्रिंग वाटीत हाताने फिरायला लागली, म्हणजे पूर्ण सैल झाली, की मगच वरचा नट सोडा. दांडा आतून ॲलन कीने धरून नट फिरवा. गनने हा नट सोडला तर दांडा आत गरागरा फिरतो आणि सील जातं. मग शॉक खराब निघाल्याचा दोष स्प्रिंगवर येतो.

नवी स्प्रिंग बसवताना तीन गोष्टी. वेढे चिकटलेली बाजू वर की खाली ते बनवणाऱ्याच्या सूचनेत असतं. छापलेली अक्षरं सरळ वाचता येतात ती बाजू सहसा बरोबर असते, पण सूचनेशी ताडून घ्या. स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला टेकलं पाहिजे, पुढे-मागे एक सेंटीमीटर फरक चालतो, जास्त नाही. माउंटिंगमधलं बेअरिंग हाताने फिरवून बघा, कडकड जाणवली तर आत्ताच बदला. स्ट्रट परत बसवल्यावर स्टिअरिंग वळवताना "टण्ण" आवाज येत असेल तर बहुतेक वेळा कारण हेच: बेअरिंग अडकतंय किंवा स्प्रिंगचं टोक पायरी सोडून वर चढलंय.

मागची बाजू. इथे स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. आर्मखाली जॅक लावून आधार द्या, शॉकचा खालचा बोल्ट आणि स्टॅबिलायझर लिंक काढा, एबीएसची वायर आणि ब्रेकची नळी मोकळी करा, मग जॅक सावकाश खाली आणा. आर्म पुरेसा खाली येत नसेल तर लोखंडी कांब घालून स्प्रिंग उपटायला जाऊ नका. स्प्रिंगच्या आतून लावायचा कॉम्प्रेसर वापरा किंवा मॅन्युअलच्या क्रमाने आर्मचा बाहेरचा सांधा सोडा. अलाइनमेंटचे तिरके वॉशरवाले बोल्ट सैल करायची वेळ आली तर आधी त्यांच्यावर रंगाची रेघ मारा. वरचं आणि खालचं रबर विसरलात तर पहिल्याच स्पीडब्रेकरला धातूचा आवाज ऐकू येईल.

आता सर्वात जास्त चुकणारी गोष्ट. रबरी बुश (सांध्यातलं रबरी अस्तर) असलेला कोणताही बोल्ट चाक लटकत असताना पूर्ण कसायचा नाही. बुशच्या आतली नळी बोल्टाने जखडली जाते आणि रबर तिला घट्ट चिकटलेलं असतं. चाक लटकत असताना कसलं तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. त्यामुळे गाडी काही मिलिमीटर उंच उभी राहते, मालकाला वाटतं स्प्रिंग बसल्याच नाहीत, आणि वर्ष-दीड वर्षात बुश फाटतो. म्हणून बोल्ट आधी नुसते बसवा. मग नकलखाली किंवा आर्मखाली जॅक लावून चाकाचा मध्य ते फेंडर हे अंतर नव्या मापाइतकं आणा (जुनं माप वजा २५ मिमी), आणि त्या स्थितीत टॉर्क रेंचने कसा. चार खांबी लिफ्ट असेल तर गाडी चाकांवर उभी ठेवूनच हे होतं, ते उत्तम. चाकाचे नट २०४ न्यूटन-मीटर, ताऱ्याच्या क्रमाने, आणि ८०-१०० किमीनंतर पुन्हा तपासायचे.

दोन सराईत माणसांना सहा-सात तास लागतात. तीन तासांत करून देतो म्हणणारा बुशची पायरी गाळणार.

---

कोलशेत_जीटी

फारच उपयोगी माहिती, धन्यवाद. टाय बांधून बघतो.

दोन शंका राहिल्या. बंप स्टॉप कापायचा तर कोणत्या बाजूने? आणि रॅम्पवर व स्पीडब्रेकरवर गाडी घासेल की नाही हे आधीच कसं ओळखायचं?

---

टॉर्क_रेंच

बंप स्टॉप कापायचा की नाही हे स्प्रिंगच्या सूचनापत्रकावर अवलंबून. त्यात लिहिलेलं नसेल तर कापू नका. लिहिलं असेल तर सांगितलेल्या मापाइतकाच कापा. निमुळतं टोक कापायची चूक फार होते. ते टोक मऊ असतं आणि टेकणं हळुवार व्हावं म्हणूनच दिलेलं असतं. ते गेलं की शॉक थेट जाड, कडक भागावर आपटतो. आकार परवानगी देत असेल तर माउंटिंगकडच्या जाड बाजूने, खाच असेल तिथे, धारदार पात्याने सरळ काप घ्या.

कापल्याने बंप स्टॉपला टेकेपर्यंतचा स्प्रिंगचा प्रवास थोडा वाढतो, पण शॉकच्या आतल्या पिस्टनची शेवटची मर्यादा होती तिथेच राहते. जेवढं जास्त कापाल तेवढे त्या मर्यादेजवळ जाल. आणि टायर फेंडरच्या आतल्या अस्तराला लागू नये हेही काम बंप स्टॉपच करतो. पूर्ण काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडे काम देऊ नका.

---

सानपाडा_स्थापत्य

रॅम्पचं उत्तर पट्टीने मिळतं.

तुमच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २,७२० मिमी आहे. रॅम्प जिथे सपाट जमिनीला मिळतो तो उंबरठा दोन चाकांच्या बरोबर मध्ये आला की पोट सर्वात जवळ येतं. उतार १:१० असेल तर त्या क्षणी पोटाखालची ६८ मिमी जागा जाते. १:८ ला ८५ मिमी, १:६ ला ११२ मिमी. उतार मोजायची भानगड नको असेल तर बांधकामावरची दहा फुटी सरळ ॲल्युमिनियम पट्टी घ्या, मध्यावर खूण करा आणि मध्यापासून १,३६० मिमीवर दोन्हीकडे खुणा करा. मध्य उंबरठ्यावर टेकवून पट्टी अशी धरा की दोन्ही खुणांखालची फट सारखी होईल. ती फट म्हणजेच पोटाची जाणारी जागा. गाडीखालच्या सर्वात खालच्या भागाचं माप घ्या, त्यातून २५ मिमी वजा करा, मग ही फट वजा करा. किमान २० मिमी तरी उरलं पाहिजे, कारण गाडी चालताना स्प्रिंग दबतेच.

रॅम्पच्या पायथ्याशी हिशेब उलटा. तिथे नाक लागतं. पुढच्या चाकाच्या पुढे नाक ९० सेमी असेल आणि उतार १:८ असेल तर नाकाखालची सुमारे ११ सेमी जागा जाते. तिरकं जाता आलं तर दोन्ही ठिकाणी फायदा होतो, पण बेसमेंटच्या रॅम्पला कठडे असतात, तिथे तिरकं जायला रुंदी मिळत नाही.

स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेमी उंच असतो, त्रिज्या सुमारे १७ मीटर. त्याची रुंदी तुमच्या दोन चाकांतल्या अंतरापेक्षा जास्त, त्यामुळे दोन्ही चाकं त्याच्यावर असताना पोटाची जागा फक्त ५४ मिमी कमी होते. असा गतिरोधक तुम्हाला काही करणार नाही. त्रास देतात ते सोसायटीच्या फाटकातले आणि सर्व्हिस रोडवरचे अरुंद, हातभर रुंदीचे उंचवटे. ते दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतात, त्यामुळे त्यांची अख्खी उंची पोटाच्या जागेतून जाते. १० सेमीचा अरुंद उंचवटा म्हणजे १० सेमी गेले. घोडबंदर रोडला सर्व्हिस रोड आणि मुख्य रस्ता जिथे जोडलेत तिथल्या पायऱ्याही याच जातीच्या. तुमच्या रोजच्या वाटेवरचे असे दोन-चार अडथळे टेपने मोजून घ्या.

ब्रेक दाबून उंचवट्यावर चढू नका. आधी वेग मारून ब्रेक सोडा, नाक वर येऊ द्या, मग चढा.

---

ऐरोली_अलाइनमेंट

अलाइनमेंटचं कुणी बोललं नाही म्हणून.

गाडी खाली आली की टाय रॉडचा (चाक वळवणारा दांडा) कोन बदलतो आणि टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडतो. टायर आतून खाल्ले जातात त्याचा दोष लोक कॅम्बरला (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर झुकाव) देतात, पण मोठा वाटा टोचा असतो. म्हणून काम झाल्यावर लगेच टो सरळ करून घ्या, आणि स्प्रिंग बसल्या की, म्हणजे ३०० ते ५०० किमीनंतर, पूर्ण अलाइनमेंट. पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये नव्या स्प्रिंग आणि रबरं मिळून तीन-चार मिमी आणखी बसतात, त्याआधी केलेलं नाजूक सेटिंग वाया जातं.

या मस्टँगला पुढचा कॅम्बर कंपनीकडून जुळवता येत नाही, फक्त टो येतो. मागे दोन्ही जुळवता येतात. २५ मिमीला पुढचा कॅम्बर साधारण उणे दीड अंशाच्या आत राहिला आणि डावी-उजवीत अर्ध्या अंशापेक्षा कमी फरक असला तर कॅम्बर बोल्ट लावायची गरज नाही. मागचा कॅम्बर गाडी खाली येताना पुढच्यापेक्षा जास्त उणे होतो, तो मूळ मर्यादेत आणून घ्या. मागचे टायर रुंद आणि महाग आहेत. मशीनवर नुसतं "हिरवं आलं" यावर समाधान मानू नका, आधीचा आणि नंतरचा कागद मागून घ्या. मागची चाकं न तपासता फक्त पुढची करणाऱ्याकडे ही गाडी नेऊ नका. स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य पुन्हा शिकवायचा आणि हेडलाइटची उंची तपासायची, हे दोन्ही त्याच वेळी.

काम दसऱ्यानंतर काढा. जून ते सप्टेंबर गायमुखच्या घाटात आणि मुंब्रा बायपासला खड्डे पाण्याखाली असतात, नव्या कमी झालेल्या स्ट्रोकचा अंदाज यायच्या आत रिम वाकेल.

---

पनवेल_४६

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ उत्पादकाच्या तपशिलांपासून वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मूळ स्प्रिंग, रबरं, जुने बोल्ट जपून ठेवा म्हणजे गाडी पूर्ववत करता येईल. विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि उत्तर हातात आल्यावरच काम सुरू करा. न कळवलेला सस्पेन्शनमधला बदल दाव्याच्या वेळी सर्व्हेअरच्या नजरेतून सुटत नाही.

---

कोलशेत_जीटी

मापं घेतली. नेहमीचा रस्ता, दोघं जण.
पुढे: वापरलेला स्ट्रोक ४१ मिमी, बंप स्टॉपपर्यंत उरलेली जागा २२ मिमी.
मागे: वापरलेला ३८, उरलेली ३०. चाक २५ मिमी वर घेतल्यावर मागचा शॉक २० मिमी दबतो.
रॅम्पला पट्टीची फट ७० मिमी.

---

वागळे_०४

पुढे आत्ता एकूण जागा ४१ अधिक २२, म्हणजे ६३. २५ मिमी खाली आणली की ३८. स्प्रिंग २५ टक्के कडक झाल्याने तोच खड्डा आता ४१ ऐवजी सुमारे ३७ दाबेल. उरला एक मिमी. म्हणजे रोजच्या वाटेवरच्या सर्वात वाईट खड्ड्याला पुढचा बंप स्टॉप टेकणार, आणि मागे दोन माणसं बसली किंवा ब्रेक मारताना खड्डा आला तर आपटणार.

मागे एकूण ६८, वजा २० म्हणजे ४८. वापर ३४ च्या आसपास. १४ मिमी उरतात, चिंता नाही.

यावर माझा सल्ला स्पष्ट आहे: हा सेट मूळ शॉकवर लावू नका. पुढे १५ मिमीच उतरवणारा आणि तेवढाच कडक सेट मिळाला तर पुढे ११ मिमी उरतील, त्यावर मूळ शॉक नीट चालतील. फट थोडी कमी दिसेल, कलणं स्प्रिंगच्या कडकपणामुळे तेवढंच सुधारेल. २५ मिमीच हवे असतील तर खारघर_अपेक्स म्हणतात तसं थांबा आणि कमी उंचीसाठी आखूड नळीचे शॉक एकत्र घ्या. त्यांच्यात बंप स्टॉपपर्यंतची जागा परत मिळते.

कलणं हीच मुख्य तक्रार असेल तर तिसरी वाटही आहे. स्प्रिंग मूळच्या ठेवून फक्त जाड स्टॅबिलायझर बार लावायचे. उंची तीच, स्ट्रोक तोच, रॅम्पचा प्रश्नच नाही. एका चाकाच्या खड्ड्यावर गाडी थोडी जास्त डुचमळेल एवढंच.

काहीही बसवलं तरी टाय पुन्हा बांधून त्याच वाटेवर एकदा माप घ्या, आणि माप झालं की टाय कापून काढा. राहिली तर सीलच्या ओठात तिचे तुकडे अडकतात.